संस्थांच्या कपाटांतले पुरावे कबाड्याकडे जाण्याआधी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशन आले की नागपुरात मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपाशी अडवले जातात आणि शिष्टमंडळ निवेदन देऊन परत येते. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असतो. अमुक गोष्ट अमुक दिवशी सरकारला कळवली होती, एवढे सिद्ध करायला पुढे बहुधा ही एकच प्रत उरते. कार्यालयातली पहिली प्रत, कागद किती वर्षे ठेवायचा ते ठरवणाऱ्या अ-ब-क-ड वर्गवारीत, खालच्या वर्गात पडली की काही वर्षांत रीतसर नष्ट करता येते. आणि संस्थेकडची शिक्क्याची प्रत? ती खणात, मग पोत्यात, मग कार्यालयाची खोली सोडताना किंवा जुना कार्यकर्ता गेल्यावर कबाड्याच्या काट्यावर.

सरकारी कागदांसाठी निदान कायदा आहे: केंद्राचा १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा, राज्याचा २००५चा. स्वयंसेवी संस्थेच्या कागदांसाठी असे काही नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हिशेब मागतो, लेखापरीक्षण मागतो, विश्वस्त बदलले की बदल अर्ज मागतो. अत्याचारग्रस्त कुटुंबाच्या जबाबाचे मूळ कागद कुठे आहेत, हे धर्मादाय आयुक्त विचारत नाहीत आणि विचारायचे त्यांना कारणही नाही. त्यामुळे होते असे की पावत्या आणि व्हाउचर जपली जातात आणि जबाब जातात. विदर्भातल्या दलित, आदिवासी, विस्थापित, शेतकरी आणि असंघटित कामगारांच्या हक्कांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास अशाच कागदांत आहे, म्हणून हे पत्र थोडे लांबले आहे. जागा द्यावी ही विनंती.

आधी कायद्याचा एक मुद्दा सांगतो. त्याकडे संस्थांचे लक्ष कमी जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ९२ (जुन्या पुरावा कायद्यातले कलम ९०) म्हणते की तीस वर्षे जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला असेल, तर त्यावरची सही आणि अक्षर ज्याचे म्हणून सांगितले आहे त्याचेच आहे, असे न्यायालय गृहीत धरू शकते. मजकूर खरा आहे असे त्यातून ठरत नाही, पण सही ओळखणारा साक्षीदार हयात नसला तरी कागद उभा राहू शकतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले. त्या दिवसांतल्या निवेदनांना, मदतयाद्यांना, हस्तलिखित जबाबांना २०२४ मध्ये तीस वर्षे पूर्ण झाली. गोवारींच्या अनुसूचित जमातीच्या दाखल्याचा वाद तर त्यानंतरही चालत राहिला. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि या सगळ्यात वसाहतकाळातल्या नोंदींपर्यंत मागे जावे लागले. कागद जुना झाला म्हणून निकामी होत नाही, कित्येकदा तो तेव्हाच कामाला येतो. मात्र कलमातला 'योग्य ताबा' हा शब्द नीट वाचावा. फाइल कोणाकडे होती, कोणी कोणाला कधी दिली, याची साखळी लिहिलेली नसेल तर गोणीतून निघालेला कागद विरोधी वकील पाच मिनिटांत उडवून लावतो.

दुसरा गैरसमज असा की अहवाल छापला म्हणजे काम झाले. २००६च्या सप्टेंबरात भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा तिथे सत्यशोधनासाठी बरेच गट गेले, बरेच अहवाल निघाले. खटल्यात आरोपींना शिक्षा झाली, पण अॅट्रॉसिटीचे कलम टिकले नाही. अशा प्रकरणात पुढच्या अभ्यासकाला किंवा वकिलाला हवी असते पहिल्या दोन-चार दिवसांतली वही: कोण काय बोलले, कोणत्या शब्दांत, कोणासमोर, पोलिस कधी आले, पंचनाम्याला कोण हजर होते. छापील अहवाल चाळीस पानांचा असतो, त्यामागच्या वह्या, फोटो, रेकॉर्डिंग, हाताने काढलेले वस्तीचे नकाशे त्याच्या दहापट असतात. अहवाल पन्नास ठिकाणी सापडेल. वही एकच असते, आणि अहवाल छापून आला की पहिली टाकली जाते ती वहीच. म्हणून निवड करायची वेळ आली तर आमचा क्रम सरळ आहे. मूळ जबाब, क्षेत्रभेटीच्या वह्या, तक्रार नोंदवही, आवक-जावक रजिस्टर, पोच असलेली निवेदने, माहिती अधिकाराचे अर्ज आणि त्यांची उत्तरे, एफआयआर व न्यायालयीन कागदांच्या प्रती, बैठकीचे इतिवृत्त, पत्रके, फोटो व निगेटिव्ह आधी. छापील अहवालाच्या दोन प्रती पुरे. एकाच परिपत्रकाच्या तीस झेरॉक्स, कोरी लेटरहेड, कायद्याने ठेवायची मुदत संपलेली व्हाउचर आणि इतरांची वार्षिक नियतकालिके सोडून द्यावीत. निधीच्या फाइलमधला प्रकल्प प्रस्ताव मात्र ठेवावा. संस्थेने कोणता प्रश्न का हाती घेतला, ते त्यात स्पष्ट लिहिलेले सापडते.

आता कामाला सुरुवात कुठून करायची? बहुतेक संस्था स्कॅनरपासून करतात आणि तिथेच चूक होते. हिशेब बघा. पाच फळ्यांच्या एका साध्या लोखंडी कपाटात साधारण साडेचार मीटर फाइल मावतात. मीटरला सात हजार कागद धरले तर तीस हजारांच्या वर जातात. जुने, टाचलेले, दुमडलेले कागद एक माणूस दिवसाला फार तर तीनशे स्कॅन करतो. म्हणजे एका कपाटाला शंभर दिवस. तीन आठवड्यांत उत्साह संपतो, स्कॅन झालेल्या पानांची नावे 'स्कॅन ०००१', 'स्कॅन ०००२' अशी राहतात, मूळ फाइल उलटीपालटी होऊन बसते आणि आधी जे सापडत होते तेही सापडेनासे होते. त्याच कपाटात तीन सेंटिमीटर जाडीच्या दीडशेच्या आसपास फाइल असतात. दोघांनी बसून रोज पंचवीस फाइलींची यादी केली तर आठवड्यात कपाट संपते. यादी झाली की काय आहे, काय मोडकळीला आले आहे, काय गोपनीय आहे हे कळते, आणि स्कॅनिंग करायचेच असेल तर कोणत्या दहा फाइलींचे आधी, हेही कळते.

यादीसाठी रजिस्टर किंवा साधी एक्सेल शीट चालते. अनुक्रमांक, फाइलवर लिहिलेले नाव जसेच्या तसे (सुधारून नाही), पहिल्या व शेवटच्या कागदाची तारीख, गाव-तालुका-जिल्हा, कागदांचा प्रकार, पानांचा अंदाज, कागदाची अवस्था, गोपनीयता, कोणत्या कपाटात कोणत्या फळीवर, आणि कोणाकडून आली. जिल्ह्याच्या रकान्यात दोन नोंदी कराव्यात: कागदावरचा जिल्हा आणि आजचा. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला, गोंदिया १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून. १९८५ ची आमगावची तक्रार भंडाऱ्याच्या फाइलमध्ये असणार, आणि गोंदिया म्हणून शोधणाऱ्याला ती मिळणार नाही. गावांच्या नावांचेही तसेच. एकाच नावाची तीन-तीन गावे असतात, तेव्हा तालुका लिहिल्याशिवाय नोंद पुरी धरू नये.

यादी करताना हात शिवशिवतात, सगळे विषयवार लावून टाकावे वाटते. लावू नये. जमिनीचे एकीकडे, महिलांचे दुसरीकडे, असे केले की संस्थेने कोणता कागद कशासोबत ठेवला होता हा दुवा तुटतो. जबाबाला जोडलेली दवाखान्याची चिठ्ठी 'आरोग्य' या गठ्ठ्यात गेली की ती कोणाची हे कळायचा मार्ग बंद. मूळ क्रम राहू द्यावा, विषय शोधायचे काम यादीतल्या रकान्यांनी करावे. कार्यकर्त्याचे खासगी कागद आणि संस्थेचे कागद एकाच पेटीत मिसळलेले असतील तर तेही वेगळे करण्याआधी तसे होते याची नोंद घ्यावी, कारण पुढे मालकीचा प्रश्न नेमका तिथे येतो.

कागद हाताळण्याबद्दल नागपूरपुरते काही वेगळे सांगावे लागते. जतनाच्या पुस्तकांत समशीतोष्ण हवेचे आकडे असतात, इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि ऑगस्टात भिंतींना ओल येते. या दोन्हींपेक्षा आम्हाला जास्त भीती कूलरची वाटते. बाहेर हवा कोरडी ठणठणीत, आणि कार्यालयात खसचे ओले पडदे दिवसभर दमट हवा फेकतात. रात्री कूलर बंद, खोली पुन्हा तापून कोरडी. कागद रोज फुगतो आणि आकसतो, स्टेपल गंजतात, कूलरच्या तोंडासमोरच्या फळीवर बुरशी येते आणि दोष मात्र पावसाळ्याला दिला जातो. कागदाची खोली आणि बसायची खोली वेगळी असावी. तेवढी जागा नसेल तर कपाट कूलरच्या झोताच्या विरुद्ध बाजूला, बाहेरच्या भिंतीपासून निदान १५ सेंटिमीटर आणि जमिनीपासूनही तेवढेच उंच. साधे डिजिटल आर्द्रतामापक भिंतीला लावून रोज दोनदा आकडा लिहावा. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर सतत राहू लागली की बुरशीला आमंत्रण. पावसाळ्यात कपाटाची दारे दिवसातून तासभर उघडून पंखा लावणे हा उपाय फुकटचा आहे आणि चालतो.

फाइल उघडली की आधी लोखंड काढायचे: टाचण्या, स्टेपल, यू-क्लिपा. गंजलेली टाचणी ओढून काढू नये, कागद फाटतो. पिनेचे दोन्ही पाय मागून पातळ पट्टीने उचलून सरळ करावेत, मग ती वर घ्यावी. एकत्र ठेवायचे कागद कोऱ्या कागदाच्या घडीत घालावेत किंवा सुती नाडीने बांधावेत. रबर बँड उन्हाळ्यात वितळून कागदाला चिकटतो. सेलोटेप तर शत्रूच समजावी. पाच-सात वर्षांत ती पिवळी पडते, गोंद कागदात उतरतो आणि शाई खातो. फाटलेला कागद तसाच पातळ पाकिटात ठेवणे टेप लावण्यापेक्षा केव्हाही बरे. लॅमिनेशन त्याहून वाईट, कारण ते परत काढता येत नाही. संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राला मानाने लॅमिनेट करणाऱ्यांनी निदान मूळ जबाबांना तरी सोडावे.

पीव्हीसीच्या चकचकीत पारदर्शक पाकिटात झेरॉक्स ठेवली तर दोन उन्हाळ्यांत तिची शाई प्लास्टिकवर उमटते. १९९०च्या दशकातले फॅक्स उष्णतेवर छापणाऱ्या कागदावर आहेत. ते आधीच फिके पडत चालले असतील, तेव्हा सगळे सोडून त्यांची झेरॉक्स आज काढावी, आणि झेरॉक्सवर मूळ फॅक्स होता असे लिहावे. वृत्तपत्रांची कात्रणेही तशीच: वृत्तपत्राचा कागद आम्लयुक्त, तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजारच्या जबाबालाही डाग देतो. कात्रणाची चांगल्या कागदावर प्रत काढावी, वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती आणि तारीख लिहावी. तारीख नसलेली कात्रणे इतकी असतात की वाचताना चीड येते. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिलने लिहावे.

कसर आणि उधई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कसर कागदातच वाढते, उधई जमिनीतून आणि भिंतीतून येते. उधईसाठी कपाटावर फवारा मारून उपयोग नाही. भिंतीवरची मातीची नळी शोधून तिथपासून इमारतीचा उपचार करावा लागतो, तोवर कपाट भिंतीपासून दूर. कडुलिंबाची पाने लोक श्रद्धेने घालतात, पण ओली पाने कागदावर डाग पाडतात. डांबरगोळ्यांनी बुरशी मरत नाही, खोलीत काम करणाऱ्याचे डोके मात्र दुखते. कसर लागलेली फाइल जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करावी, डीप फ्रीझरमध्ये उणे २० अंशांना आठवडाभर ठेवावी आणि बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नये, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटते. बुरशी लागलेल्या फाइलला हात लावताना एन-९५ मास्क घालावा, फाइल सावलीत मोकळ्या हवेत वाळवून मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेने झटकावी. उन्हात टाकू नये, शाई उडते.

पाण्याचे तर विचारूच नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरचे काय काय गेले ते नागपूरकरांना माहीत आहे. संस्थांची कार्यालये भाडे परवडते म्हणून बहुधा तळमजल्यावरच असतात. भिजलेल्या कागदावर ४८ तासांत बुरशी धरू लागते. तेवढ्या वेळात जेवढे वाळवता येईल तेवढेच उघडावे: कोऱ्या कागदाच्या थरांमध्ये, पंख्याखाली, थर दर दोन-तीन तासांनी बदलत. बाकीचे गठ्ठे न उघडता, मेणकागदात गुंडाळून गोठवावेत, म्हणजे सवडीने वाळवता येतात. कळमन्याकडच्या मिरचीच्या शीतगृहांचा यासाठी उपयोग नाही, तिथले तापमान गोठणबिंदूच्या वर असते. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर लागतो. ओल्या वह्यांची पाने एकमेकांपासून सोडवायची घाई करू नये. शाईपेनाने लिहिलेले सगळ्यात आधी वाळवायला घ्यावे, बॉलपेन आणि टंकलिखित थोडे थांबू शकते.

स्कॅनिंगची वेळ आली की फार हौस नको. ३०० डीपीआय (इंचाला तीनशे ठिपके), करड्या छटांत, मूळ प्रत टिफमध्ये (चित्र न दाबता ठेवणारा फाइल प्रकार) आणि वापरायची प्रत पीडीएफ-ए मध्ये (जतनासाठी ठरवलेला पीडीएफ). ए-फोरचे एक पान असे टिफमध्ये नऊ एमबीच्या आत बसते, म्हणजे वर सांगितलेले पूर्ण कपाट पावणेतीनशे जीबीत. शिक्के, लाल शाई, पेन्सिलीच्या खुणा असतील तिथे रंगीत घ्यावे, ते तिप्पट जागा घेते. कोरी वाटणारी मागची बाजूही स्कॅन करावी, आवक शिक्का बऱ्याचदा तिथेच असतो. मोबाइलच्या स्कॅन अॅपने पान आपोआप उजळते आणि फिकी पेन्सिल नाहीशी होते, म्हणून ते सोयीपुरते ठीक, जतनासाठी नाही. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ कागद कबाड्याला देणाऱ्यांना काय म्हणावे? न्यायालयात मूळ मागितला तर पेन ड्राइव्ह दाखवणार का?

डिजिटल पुराव्याला आता वेगळी शिस्त लागते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राला दोन भाग आहेत, एक सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी आकडे-अक्षरांची ओळ. एक बिंदू बदलला तरी ओळ बदलते. विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिल आज्ञेने शा-२५६ हॅश काढता येते, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. फोटो किंवा व्हिडिओ संस्थेकडे आला त्याच दिवशी ती काढून रजिस्टरात लिहावी. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली वेळ, ठिकाण, कॅमेऱ्याची माहिती निघून जाते. घटनास्थळावरच्या कार्यकर्त्याला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे आणि फोनमधला मूळ फोटो पुसू देऊ नये. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या शहरात, हा जगभरचा नियम आहे. पेन ड्राइव्ह ही प्रत म्हणून मोजू नये, २००५ च्या सुमारास भरलेल्या सीडीही नाहीत. त्यांतल्या कित्येक आज वाचल्या जात नाहीत, ज्या जातात त्या ताबडतोब हार्ड डिस्कवर घ्याव्यात.

मराठी संस्थांची एक खास अडचण म्हणजे जुने फाँट. १९९५ ते २०१० दरम्यानची पत्रके, अहवाल, तक्रारी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांत टाइप झाल्या आणि पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावल्या गेल्या. फाँट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो आणि कोणीतरी 'फाइल खराब झाली' म्हणून पुसून टाकतो. जुना संगणक चालू असेल तोवर त्याच्यावरूनच त्या फाइलींचे फाँटसकट पीडीएफ करून घ्यावेत, मग युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरसंचात) रूपांतर. रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास सरकते, म्हणून नावे आणि तारखा पीडीएफशी ताडून पाहाव्यात, आणि मूळ फाइलही ठेवावी.

कॅसेट वाजवण्याआधी तिच्या कडेवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले तरी जबाब पुसला जात नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर अजिबात वाजवू नये, प्लेअर पुढच्या सगळ्या कॅसेटना ती लावतो. एकदा पुढे, एकदा मागे फिरवून फीत सैल करावी आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये वेव्ह फाइल घ्यावी. एका तासाला स्टिरिओत एक जीबी होते. गडचिरोलीकडच्या मुलाखतींत भाषा कोणती तेही लिहावे: गोंडी, माडिया, छत्तीसगढी. दुभाषी होता का, आणि मराठीत लिहिलेला जबाब बोलणाऱ्याचा की दुभाष्याचा, ही नोंद नसली तर पुढे त्या जबाबाचा अर्थ लावता येत नाही.

संस्थेचे संकेतस्थळ डोमेनचे पैसे थकले की एका दिवसात जाते. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पाने जतन करायला पैसे लागत नाहीत. फेसबुक पान तिथे नीट उतरत नाही, त्याचा डेटा खात्यातूनच उतरवून घ्यावा लागतो.

गोपनीयतेबद्दल दोन टोके दिसतात. काही जण सगळे उघडे टाकतात, काही जण घाबरून सगळे जाळतात. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, बालकांसाठी पॉक्सोचे (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचे) कलम २३ आहे, आणि फाइल तीस वर्षे जुनी झाली म्हणून ही बंधने सुटत नाहीत. म्हणून याद्या दोन कराव्यात: पूर्ण नावांची, कुलपात, आणि बाहेर दाखवायची, जिच्यात नावाऐवजी क्रमांक. जबाब घेतानाच विचारून लिहून घ्यावे की हे कोणाला, कधीपासून दाखवायचे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ आला म्हणून मात्र कोणी फाइली फाडू नयेत. व्यक्तीबद्दल निर्णय घेण्यासाठी वापर होणार नसेल आणि ठरवून दिलेली मानके पाळली जात असतील, तर संशोधन आणि अभिलेखनासाठी त्या कायद्याच्या कलम १७ मध्ये सूट आहे.

परकीय निधीची नोंदणी रद्द झाली तर त्या निधीतून घेतलेली मालमत्ता कायद्याने सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाकडे जाते. संगणक आणि हार्ड डिस्कही त्या मालमत्तेत मोडू शकतात. एकमेव प्रत तशा डिस्कवर असू नये. तपास यंत्रणेने साधने जप्त केली तर पंचनाम्यात प्रत्येकाची हॅश लिहून घेण्याचा आणि प्रत मिळण्याचा आग्रह तिथल्या तिथे, लेखी धरावा.

मग हे सगळे ठेवायचे कुठे? प्रत्येक संस्थेने आपापले संग्रहालय उघडावे हे आम्हाला पटत नाही. भाडे, माणूस आणि उत्साह, तिन्ही दहा वर्षे टिकत नाहीत. चिलीत लष्करी राजवटीच्या काळात चर्चच्या 'विकारिया दे ला सोलिदारिदाद' या मानवी हक्क कार्यालयाने बेपत्ता लोकांसाठी केलेल्या न्यायालयीन अर्जांच्या प्रती नीट जपल्या, म्हणून १९९० मध्ये नेमलेल्या सत्यशोधन आयोगाला त्या हाती आल्या. तिथे चर्चचे छत्र होते. अमेरिकेत ह्यूमन राइट्स वॉच ही मानवी हक्क संघटना आणि तशाच अॅम्नेस्टीची अमेरिकी शाखा यांचे कागद कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, म्हणजे बाबासाहेब जिथे शिकले तिथेच. तिथे छत्र विद्यापीठाचे. नागपुरात शंभरी ओलांडलेले विद्यापीठ आहे, राष्ट्रीय विधि विद्यापीठ आहे, समाजकार्य महाविद्यालये आहेत, राज्य पुराभिलेखाची (जुने सरकारी कागद जपणाऱ्या खात्याची) शाखा आहे. सरकारविरुद्धच्या तक्रारींच्या मूळ प्रती सरकारी दप्तरखान्यात ठेवायला संस्था कचरतात, ते समजण्यासारखे आहे. पण पुराभिलेखातल्या तंत्रज्ञांकडून बांधणी आणि दुरुस्ती शिकायला हरकत कसली? मूळ कागद विद्यापीठ ग्रंथालयाच्या एका वेगळ्या खोलीत, डिजिटल प्रत दुसऱ्या शहरातल्या संस्थेकडे, आणि नमुना करार विधि विद्यापीठाने लिहावा, अशी वाटणी आम्हाला व्यवहार्य वाटते.

करारात कागद दान की ठेव हे आधी ठरवावे. दानात मालकी जाते, ठेवीत राहते. विश्वस्त मंडळाचा ठराव हवा, एका सचिवाच्या सहीवर भागत नाही. कोणत्या फाइली किती साली उघडायच्या, तोवर परवानगी कोणी द्यायची, संस्थाच बंद पडली तर तो अधिकार कोणाकडे जाईल, ग्रंथालयाने खोली बंद केली तर कागद कोणाला परत द्यायचे, हे चारही मुद्दे लेखी असावेत. पेट्या देताना प्रत्येक पेटीची यादी दोन्ही बाजूंनी सही करून घ्यावी. 'योग्य ताब्या'ची साखळी तिथून सुरू होते. पेटी भरून बारा-पंधरा किलोंपेक्षा जड होऊ देऊ नये, नाहीतर ती उचलणारा माणूस पुढच्या वेळी ती जमिनीवरच ठेवतो आणि जमिनीवर काय येते ते वर लिहिलेच आहे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडेच एक मागणी. नागपुरातल्या वृत्तपत्र कार्यालयांत संस्थांची जुनी प्रेसनोट, मोर्चांच्या निगेटिव्ह आणि छापून न आलेले फोटो असतात. कार्यालय हलवताना ते जातात. निगेटिव्हच्या पाकिटांवर तारीख आणि छायाचित्रकाराचे नाव लिहून त्यांची पेटीवार यादी करून घ्यावी, आणि १९७८च्या नामांतर आंदोलनापासून १९९४ पर्यंतच्या पेट्या आधी घ्याव्यात. यादी करायला माणसे हवी असतील तर ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी प्रात्यक्षिक म्हणून येऊ शकतील, तशी विचारणा विद्यापीठाच्या विभागाकडे आपण करावी.

आपले,
संस्थांच्या अभिलेखांवर काम करणारे काही ग्रंथपाल आणि कार्यकर्ते, नागपूर